पूर आणि हक्क वर्कशॉप : विषय लई भारी, सत्कार आवरा राव

5 पैकी साडेतीन स्टार. राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये रविवारी झालं, फी 500 जेवणासकट. संस्थेचं नाव नको, पोरं चांगली हायत.

विषय असा की परक्या देशात भूकंप-वादळ झालं आणि मदतीला फौज गेली तर तिथल्या लोकांच्या हक्कांचं काय. मॅडमनी सुरुवातच केली की युनोच्या ऑस्लो गाईडलाईन्सप्रमाणे अशा ठिकाणी लष्कर म्हणजे शेवटचा पर्याय. माझं डोस्कंच फिरलं, 2019 च्या पुरात शिरोळकडं आमच्या आईला जवानांनीच बोटीत घेतलंय, तिनं राख्या बांधल्यात त्यांना, मी उभा राहून तसं बोललो पण. त्या म्हणाल्या, दादा, ते जवान आपले होते, काय चुकलं असतं तर कलेक्टर हाफिसात जाऊन भांडला असता, हैतीतल्या माणसानं कुठं जायचं?

मग सांगितलं ते ऐकून गप बसलो. हैतीत 2010 च्या ऑक्टोबरात युनोच्या शांतिसेनेच्या तळावरची घाण नदीत गेली, कॉलरा पसरला, जवळजवळ 10 हजार माणसं गेली, लोक कोर्टात गेले तर युनोला इम्युनिटी, म्हणजे त्यांच्यावर केसच चालवता येत न्हाई, आणि माफी आली डिसेंबर 2016 ला! सहा वर्षं. उलटी केस म्यानमारची, 2008 च्या नर्गिस वादळात परदेशी जहाजं मदत घेऊन समुद्रात थांबलेली आणि तिथली लष्करी राजवट आत येऊ देत नव्हती.

छावणीत 20 माणसांमागं एक संडास हा स्फिअरचा (मदतकामाचे किमान नियम ठरवणारं पुस्तक) आकडा पण तिथंच कळला. आमच्या शाळेतल्या छावणीत बायका अंधार पडायची वाट बघायच्या, तेव्हा वाटायचं पूर हाय, चालायचंच.

आता तक्रार. नोट्स सगळ्या इंग्लिशमधनं, माईक खरखरतोय, भाजी गार. आणि मी विचारलं की 2025 च्या म्यानमारच्या भूकंपात आपल्या आर्मीनं तिथल्या मंडाले शहरात हॉस्पिटल टाकलं आणि तिथलं सरकार दुसरीकडं स्वतःच्याच लोकांवर बॉम्ब टाकत होतं, मग अशा सरकारच्या परवानगीनं काम करायचं का न्हाई? मॅडम बोलायला लागल्या आणि आयोजकांनी माईक घेतला, सत्काराला उशीर होतोय म्हणून. शाल, नारळ, भाषणं, 40 मिनिटं!!

उत्तर शेवटी खाली चहाच्या गाड्यावर मिळालं, त्यांनी अर्धा तास उभ्यानं समजावलं, परवानगी न घेता जाता येत नाही पण औषध कुणाला द्यायचं हे त्या सरकारला ठरवू द्यायचं नाही, भांडण तिथं करायचं. चहाचे पैसे पण त्यांनीच दिले. साडेतीनातले तीन स्टार त्या गाड्याचे धरा.