क्रम सुटला की भीती ओसरते : 'फायनल डेस्टिनेशन' (२०००)

गरम चहा नुकताच ओतून टाकलेल्या मगमध्ये बर्फ आणि गार व्होडका घातली, की मगला तडा जातो. गरम चिनी माती एकदम आकसते आणि आतून ताणली जाते. त्या तड्यातून व्होडका थेंब थेंब गळत राहते. चित्रपटातल्या शिक्षिका मिस ल्यूटन बाई हातात मग घेऊन घरभर फिरतात, त्यामुळे स्वयंपाकघरापासून संगणकापर्यंत जमिनीवर दारूची एक रेघ तयार होते. तो मग बाई मॉनिटरवर ठेवतात. हा मॉनिटर जुन्या पद्धतीचा, मागे फुगलेला. वरच्या जाळीतून थेंब आत पडतात, धूर येतो, काचेची नळी फुटते आणि एक तुकडा बाईंच्या गळ्यात घुसतो. ठिणगी त्या रेघेवर पडते आणि आग माग काढत स्वयंपाकघरात शिरते. बाई खाली कोसळलेल्या, रक्त थांबवायला ओट्यावरून लोंबणारा टॉवेल ओढतात. टॉवेलवर सुऱ्यांचा ठोकळा.

'फायनल डेस्टिनेशन'मधला मिस ल्यूटन यांचा हा मृत्यू संपूर्ण चित्रपटाचा नमुना म्हणून पाहावा. प्रत्येक पायरी आधी दाखवलेली आहे आणि प्रत्येक वस्तू घरातलीच आहे. तंत्राच्या दृष्टीने तपासलं तरी बराचसा भाग टिकतो. रंगीत मॉनिटरच्या नळीला वीस-पंचवीस हजार व्होल्ट दिलेले असतात आणि ती निर्वात असते, त्यामुळे आत पाणी गेलं तर धोका खरा आहे. काच बाहेर उडू नये म्हणून नळीभोवती धातूचा पट्टा आवळलेला असतो, तो दिग्दर्शकाने सोयीने विसरलेला आहे. व्होडकाची रेघ हा जास्त कच्चा दुवा. ४० टक्के अल्कोहोलची वाफ साधारण २६ अंशांच्या पुढे ठिणगीने पेट घेते, आणि इथे तर बर्फ घातलेला होता. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना, हाच प्रसंग अधिक खरा वाटेल.

चित्रपट २००० च्या मार्चमध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक जेम्स वाँग. मूळ कल्पना जेफ्री रेडिकची, 'एक्स-फाइल्स' या मालिकेच्या एका भागासाठी लिहिलेली. लांबी ९८ मिनिटं. शाळेची सहल न्यूयॉर्कहून पॅरिसला निघते. विमान उडण्याआधीच ॲलेक्स ब्राउनिंगला (डेव्हन सावा) ते हवेत फुटताना दिसतं. आरडाओरडा होतो आणि सात जण खाली उतरतात किंवा उतरवले जातात. विमान खरोखर फुटतं. मग वाचलेले एकेक करून मरू लागतात. पुढे कथेतले बरेच धागे उघडे केले आहेत, पहिल्यांदाच पाहणार असाल तर हे परीक्षण नंतर वाचा.

काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं आपण अपघातातून वाचलेल्याबद्दल म्हणतो आणि सुटकेचा श्वास टाकतो. इथे तो श्वासच हिरावून घेतला आहे. वेळ आलीच होती, तुम्ही रांगेतून बाहेर पडलात, आता रांग तुम्हाला शोधत येणार. सावित्रीला निदान समोर यम तरी होता, त्याच्याशी वाद घालता येत होता, वर मागता येत होते. ॲलेक्ससमोर कुणीच नाही. टोनी टॉडचा ब्लडवर्थ शवागारात काम करतो. त्याला नियम ठाऊक आहेत, पण तोही यमदूत नाही. त्याचा प्रसंग जेमतेम काही मिनिटांचा आहे, पण त्या खर्जातल्या आवाजाशिवाय हा चित्रपट उभा राहिला नसता.

मृत्यूला चेहरा नाही म्हटल्यावर प्रेक्षकाने घाबरायचं कशाला? क्रमाला. चित्रपटाची सगळी ताकद इथे आहे आणि सगळ्या चुकाही इथेच आहेत. बातम्यांमध्ये स्फोट विमानात कसा पसरला याची आकृती दाखवतात. ॲलेक्स ती आसनांच्या नकाशावर बसवतो, आणि ज्या क्रमाने आग त्यांच्यापर्यंत पोचली असती त्याच क्रमाने माणसं मरत आहेत हे त्याला उमगतं. दुसरा नियम रेल्वे फाटकावर कळतो. वाचलेल्यांपैकी कार्टर रुळांवरच्या मोटारीत अडकतो, ॲलेक्स त्याला ओढून काढतो, रेल्वे त्या मोटारीचा चेंदामेंदा करते आणि उडालेला पत्रा वाचलेल्यांतल्याच बिली हिचकॉकचं शिर उडवतो. कुणी मध्ये पडून एकाला वाचवलं की पाळी पुढच्याकडे जाते. हे कुणीही भाषण देऊन सांगत नाही, आधी घडतं आणि मग पात्रांच्या ध्यानात येतं. पटकथा अशी लिहावी.

याहून सुंदर दुवा जागांच्या अदलाबदलीचा. स्वप्नात ॲलेक्स दोन मुलींच्या विनंतीवरून जागा बदलतो. प्रत्यक्षात तो बदलतच नाही. शेवटाकडे, एकटा दडून बसलेला असताना, त्याला हे आठवतं आणि कळतं की आता पाळी आपली नाही, क्लिअरची (अली लार्टर) आहे. सुरुवातीच्या पंधरा मिनिटांत मोबाईलमध्ये डोकं घालून बसलात तर हा दुवा हातचा जातो.

आता चूक. ॲलेक्सचा मित्र टॉड (अभिनेते टोनी टॉड वेगळे) याचा मृत्यू. संडासाच्या टाकीखालून पाणी झिरपतं, न्हाणीघरातल्या फरशीवर ओघळत येतं, टॉड घसरतो आणि टबावरच्या कपडे वाळत घालायच्या तारेत गळा अडकतो. टबात सांडलेल्या शाम्पूमुळे पाय रोवता येत नाहीत, त्याची धडपड पाहवत नाही. इथवर उत्तम. पण तो मेल्यावर पाणी आपोआप मागे सरकून निघून जातं, म्हणजे लोकांना ती आत्महत्या वाटावी. इथे मृत्यू पदार्थविज्ञान सोडून जादू करतो. जादू आली की प्रेक्षकाचं घर सुरक्षित होतं, कारण आपल्या घरातलं पाणी उलटं वाहत नाही. आरशात सरकणारी काळी सावलीही त्याच जातीची. पुढच्या भागांनी ही सावली आणि उलटं पाणी टाकून दिलं, ते योग्यच केलं.

विमानाचा प्रसंग मात्र अजूनही अंगावर येतो, आणि त्यामागे खरी घटना उभी आहे. १७ जुलै १९९६ रोजी टीडब्ल्यूए या विमान कंपनीचं ८०० क्रमांकाचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून पॅरिसकडे उडालं आणि काही मिनिटांत फुटलं. २३० जण गेले, त्यात फ्रान्सच्या सहलीला निघालेले एका शाळेचे विद्यार्थीही होते. तपासात पंखांच्या मधल्या इंधनटाकीतल्या वाफेचा स्फोट हे कारण निघालं, आणि ठिणगी बहुधा तारांच्या शॉर्टसर्किटची. चित्रपटातल्या विमानाचा क्रमांक १८०. विमानतळावर जॉन डेन्व्हरचं गाणं वाजतं, तोही १९९७ मध्ये विमान अपघातातच गेला. पात्रांची आडनावं ब्राउनिंग, ल्यूटन, हिचकॉक, चेनी ही जुन्या भयपटांच्या मंडळींवरून घेतलेली आहेत. शर्ली वॉकर यांचं संगीत प्रसंगाच्या पुढे धावत नाही, हे आज फार कमी भयपटांत सापडतं.

नागपूरच्या प्रेक्षकाला हा चित्रपट वेगळा भिडतो, कारण आपल्या घरांत अशा साखळ्या तयारच असतात. लोखंडी पत्र्याचा कूलर घ्या. पाण्यात बुडालेला पंप, उन्हाने चिरलेली वायर, अर्थिंग नसलेला दोन पिनांचा प्लग, खाली ओली फरशी आणि अनवाणी माणूस. एकाही वस्तूत भूत नाही. दर उन्हाळ्यात यानेच माणसं दगावतात. कूलरमध्ये पाणी भरताना बटण बंद करून प्लगही काढायचा, पायात चप्पल हवी, आणि घराच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच) बसवून घ्यायचा. संक्रांतीला उड्डाणपुलावरून दुचाकीने जाताना मांजाच्या भीतीने गळ्याला दुपट्टा गुंडाळणाऱ्याला टॉडची तार समजावून सांगावी लागत नाही.

शेवटाकडचा तुटलेल्या विजेच्या तारेचा प्रसंगही असाच ओळखीचा, अवकाळी वादळात आपल्याकडे तारा पडतातच. क्लिअर गाडीत अडकली आहे आणि जिवंत तार भोवती फटके मारते आहे. गाडीतच बसून राहणं बरोबर, बाहेर एक पाय जमिनीवर आणि एक गाडीत ठेवणं म्हणजे मरण. गाडीला आग लागली म्हणून उतरावंच लागलं तर गाडीला हात न लावता दोन्ही पाय जोडून उडी मारायची आणि पाय न उचलता, घासत घासत लांब जायचं. चित्रपट यातलं पहिलं अर्धं बरोबर दाखवतो. मूळ शेवटात ॲलेक्स इथेच मरतो आणि पुढे क्लिअरला त्याचं मूल होतं. चाचणी खेळातल्या प्रेक्षकांना ते रुचलं नाही, म्हणून पॅरिसचा शेवट नव्याने चित्रित झाला. आमच्या मते बदललेला शेवट सरस आहे, तो क्रमाचा नियम पाळतो.

पुढच्या भागांपैकी दुसरा (२००३) आधी पाहा. महामार्गावर ओंडक्यांच्या ट्रकची साखळी सुटते तो प्रसंग मालिकेतला सर्वांत प्रसिद्ध. खरे ओंडके पाडून पाहिले तर ते हवे तसे उसळेनात, म्हणून संगणकावर केले. चंद्रपूरकडून सागाचे ओंडके भरून येणाऱ्या ट्रकच्या मागे गाडी चालवणाऱ्यांनी हा भाग एकदा पाहिला की ते अंतर आपोआप वाढवतात, आणि वाढवावंच. तिसरा (२००६) रोलरकोस्टरचा, छायाचित्रांतून खुणा शोधण्याची युक्ती चांगली, पात्रं पातळ. चौथा (२००९) थ्रीडीसाठी वस्तू तोंडावर फेकण्यात संपतो, तो वगळा. पाचवा (२०११) पुन्हा उभा राहतो. त्यातल्या व्यायामशाळेत उपडा पडलेला स्क्रू, एसीचं गळणारं पाणी आणि उघडी वायर या तिन्हींवर आपली नजर खिळवून ठेवतात, आणि शेवटचा घात होतो तो स्क्रूवर दुसऱ्याच मुलीचा पाय पडून उडालेल्या हातांना लावायच्या भुकटीने. नवा नियमही तिथेच येतो, दुसऱ्याला मारलं तर त्याचं उरलेलं आयुष्य तुम्हाला मिळतं. नियम जास्त झाले की क्रम मोजणं अवघड होतं, हा धोका दुसऱ्या भागापासूनच होता. शेवट मात्र थेट १८० क्रमांकाच्या विमानाशी येऊन मिळतो, म्हणून पहिला पाहिल्याशिवाय हा पाहू नका.

२०२५ चा 'ब्लडलाइन्स' कुटुंबाचा आहे. एका आजीने उंच मनोऱ्यावरची दुर्घटना टाळली, म्हणून जी जन्मायलाच नको होती ती तिची मुलंनातवंडं आता रांगेत. एमआरआय यंत्राचा प्रसंग गाजला, पण त्यात दोष आहे. त्या यंत्राचं चुंबक कायम चालू असतं आणि त्याचं बळ पडद्यावरच्या बटणाने वाढवता येत नाही. टायटेनियमच्या रिंगा ओढल्याही जात नाहीत. लोखंडी वस्तू मात्र नक्की ओढल्या जातात. २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजन सिलिंडर घेऊन खोलीत गेलेल्या तरुणाचा असाच जीव गेला होता. टोनी टॉड यांची ही निरोपाची भूमिका. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते गेले, आणि चित्रपटात आजारी दिसणारा तो माणूस खरंच आजारी होता.

पाहताना मूळ इंग्रजी आवाज आणि सबटायटल ठेवा, डबिंगमध्ये टोनी टॉड यांचा आवाज जातो. कूलर चालू असेल त्या खोलीत पाहू नका. थेंब, खिळा सैल होणं, तारेची गुणगुण असे निम्मे इशारे ध्वनीत आहेत, ते घरघरीत बुडतात. हेडफोन लावा किंवा थंडीत पाहा. रक्तपात थेट आहे, त्यामुळे नववी-दहावीच्या मुलांना मित्रांकडून कळून हवाहवासा वाटला तरी अठराच्या आतल्यांना लावून देऊ नये. आणि नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून विमान पकडायचं असेल त्या आठवड्यात पहिला भाग टाळून दुसऱ्यापासून सुरुवात केली तरी कथा कळते, कारण क्लिअर त्यात परत येते आणि मागचं सगळं सांगते.