घोडा सांभाळायला देताना: दुसऱ्याच्या तबेल्यात की आपल्याच?

काही काळ घोड्याला वेळ देता येणार नसेल, तर दोन वाटा आहेत. एक, घोडा सांभाळणाऱ्याच्या तबेल्यात पाठवायचा. चारा, नाल, औषधपाणी सगळं त्याच्याकडे. दुसरी, घोडा आपल्याच जागी ठेवून त्या माणसाने आठवड्यातले ठरावीक दिवस येऊन खरारा करायचा, फिरवायचा.

पहिल्या वाटेत आपला भार पुरता उतरतो, पण खरी परीक्षा घोड्याची असते. तो कळपातला प्राणी. नव्या जागी एकटा पडला की खाणं सोडतो, येरझाऱ्या घालतो. म्हणून तिथे दुसरा घोडा आहे का, हे मी सर्वांत आधी विचारेन. चारा एकदम बदलला तर पोटशूळ उठू शकतो, आणि तो जिवावर बेततो. जुनी वैरण सोबत द्या, नवी ७ ते १० दिवसांत हळूहळू मिसळा. नालबंद ६ ते ८ आठवड्यांनी येतो का, हेही पाहा. न कळवता एखाद्या दिवशी जाऊन खुरं बघितली की बरंच कळतं.

दुसऱ्या वाटेत खर्च बराचसा आपल्याच अंगावर राहतो. मात्र घोड्याची जागा, सोबती, चारा काहीच बदलत नाही. म्हाताऱ्या किंवा बुजऱ्या घोड्यासाठी मी हीच निवडेन.

लेखी करार दोन्हीकडे हवाच. डॉक्टरचा खर्च कोणाचा, घोडा परत कधी मागता येईल, हे त्यात स्पष्ट लिहा.