ब्रोकेड जी६१० : पोर्टवर कोण बसलंय ते धड सांगणारा स्विच

आमच्याकडे दोन ब्रोकेड जी६१० (सर्व्हर आणि स्टोरेज जोडणारा फायबर चॅनेल स्विच) लागलेत, एक फॅब्रिक ए ला आणि एक फॅब्रिक बी ला (एकमेकांपासून वेगळी ठेवलेली दोन नेटवर्क), आणि आता पुरेसं वापरून झालंय म्हणून सविस्तर लिहितोय, कारण या स्विचबद्दल कुठेही विचारा, ३२ जीबीपीएस, २४ पोर्ट, १यू एवढंच ऐकायला मिळतं. स्पीड सगळेच देतात हो. रोज काम करणाऱ्या स्टोरेज अ‍ॅडमिनचा खरा प्रश्न असतो की या पोर्टवर नक्की कोण बसलंय, आणि रात्री दोन वाजता कुणी फोन केला की लन (स्टोरेजने सर्व्हरला दिलेली डिस्क) दिसत नाहीये तर स्विच ते किती पटकन आणि किती खात्रीने सांगतो. या बाबतीत हा स्विच मला मनापासून आवडलाय.

नवीन लोकांसाठी थोडं बेसिक. फायबर चॅनेलमधे एका डिव्हाइसला दोन ओळखी असतात. एक डब्ल्यूडब्ल्यूपीएन, ६४ बिटचा, जो एचबीएमधे (सर्व्हरमधलं फायबर चॅनेलचं कार्ड) कंपनीतूनच येतो आणि केबल कुठेही लावली तरी बदलत नाही. दुसरा एफसीआयडी, २४ बिटचा, जो स्विच देतो आणि डेटाच्या प्रत्येक फ्रेमवर हाच जातो. चेसिस नंबर आणि पार्किंगचा स्लॉट समजा. केबल लावली की एचबीए आधी पाच एफ आणि शेवटी ई अशा ठरलेल्या पत्त्यावर लॉगिन मागतो, म्हणजे फ्लोगी, त्या वेळी त्याच्याकडे स्वतःचा पत्ताच नसतो, सोर्सच्या जागी नुसती शून्यं असतात. स्विचने पत्ता दिला की मग तो नेम सर्व्हरकडे, म्हणजे पाच एफ आणि शेवटी सी, तिथे जाऊन आपली नोंद करतो आणि माझ्या झोनमधे (एकमेकांना दिसायची परवानगी असलेला गट) अजून कोण आहे ते विचारतो.

आता जी६१० वर हा एफसीआयडी वाचायला एकदम सोपा आहे. ०१०५०० दिसलं की पहिले दोन आकडे डोमेन १ (म्हणजे स्विचचा नंबर), मधले दोन पोर्ट ५, शेवटचे दोन शून्य म्हणजे पोर्टवरचं मूळ डिव्हाइस. तिथे ०१, ०२ दिसायला लागलं तर एनपीआयव्हीने (एकाच पोर्टवर अनेक ओळखी चालवायची सोय) त्याच एचबीएच्या मागे व्हर्च्युअल मशीन्स स्वतःच्या डब्ल्यूडब्ल्यूपीएनने लॉगिन झाल्यात. फक्त आकडे हेक्साडेसिमल आहेत हे डोक्यात ठेवा, १० नंबरचा पोर्ट ०१०ए०० असा दिसतो आणि ०११००० म्हणजे पोर्ट १६, नवीन पोरं इथे हमखास चुकीच्या पोर्टची केबल ओढतात.

खरी मजा एनएसशो कमांडमधे आहे. एका डिव्हाइसची नोंद उघडली की एफसीआयडी, मग डब्ल्यूडब्ल्यूपीएन, मग डब्ल्यूडब्ल्यूएनएन (नोडचं, म्हणजे पूर्ण डिव्हाइसचं नाव), खाली नोड सिंबलमधे एचबीएचं मॉडेल, फर्मवेअर, ड्रायव्हरचं व्हर्जन (ड्रायव्हरने पाठवलं असेल तर), त्याखाली डिव्हाइस इनिशिएटर (डेटा मागणारा सर्व्हर) आहे की टार्गेट (देणारं स्टोरेज), फिजिकल की एनपीआयव्ही, आणि परमनंट पोर्ट नेम, ज्यावरून व्हर्च्युअल डिव्हाइस नेमक्या कुठल्या फिजिकल एचबीएमागे आहे ते कळतं. सर्व्हर टीमला फोन न करता एवढं सगळं एका जागी मिळतं! नोडफाइंडला डब्ल्यूडब्ल्यूएन (पोर्टचा किंवा नोडचा), एफसीआयडी किंवा एलियस (नंबरला आपण दिलेलं सोपं नाव) यातलं काहीही द्या, शोधून देतो.

आकडे वाचायची सवय मात्र लावून घ्या. क्यूलॉजिकच्या कार्डवर २१:०० ने सुरू होणारा पोर्टचा असतो आणि २०:०० वाला नोडचा. कॉपी करताना २०:०० वाला एलियसमधे गेला तर ब्रोकेड एरर देत नाही, कारण नोडच्या नावानेही झोनिंग चालतं, फक्त मग त्या नोडचे सगळे पोर्ट त्या झोनमधे येतात. स्टोरेजचे बहुतेक ५ ने सुरू होतात आणि तिथे पहिल्या ५ नंतरचे सहा आकडे कंपनीचा कोड असतो, म्हणजे ५०:०६:०१:६ असं दिसलं तर मधलं ००६०१६ काढा, तो क्लॅरियनचा कोड आहे जो पुढे ईएमसीच्या व्हीएनएक्स आणि युनिटीवरही आला.

आमच्या आधीच्या सेटअपमधे इन्स्टॉलेशनला आलेल्या इंजिनिअरने सगळं पोर्ट झोनिंग करून ठेवलं होतं, म्हणजे डोमेन आणि पोर्ट नंबर. नंतर रॅक आवरताना दोन केबल अदलाबदल झाल्या आणि ज्या सर्व्हरला बॅकअपचं टार्गेट दिसायचं त्याला दुसरंच काही दिसायला लागलं. त्यामुळे यावेळी पहिल्या दिवसापासून सगळं डब्ल्यूडब्ल्यूपीएनवर, एलियस लावून. होस्टचं नाव, एचबीएचा पोर्ट, फॅब्रिक, एवढं एलियसमधे आलं की झोन डोळ्यांनी वाचता येतो. एचबीए बदलला तर फक्त एलियसमधला नंबर बदलायचा, सीएफजीसेव्ह, सीएफजीएनेबल या कमांड द्यायच्या, झालं. पीअर झोनिंग पण आहे, स्टोरेजचा पोर्ट प्रिन्सिपल ठेवायचा आणि होस्ट मेंबर, होस्ट एकमेकांना दिसत नाहीत आणि झोनची संख्या खूप कमी होते.

न पटलेल्या गोष्टी पण सांगतो. एफसीआयडी पोर्टला बांधलेला असल्यामुळे केबल हलवली की तो बदलणार. सिस्कोच्या एमडीएस स्विचमधे पर्सिस्टंट एफसीआयडी असतो, त्याच व्हीसॅनमधे (स्विचवरचं व्हर्च्युअल फॅब्रिक) डिव्हाइस दुसऱ्या पोर्टवर नेलं तरी पत्ता तोच राहतो. लिनक्स, व्हीएमवेअरला फरक पडत नाही, पण जुनं एचपी-यूएक्स डिव्हाइसचा पाथच एफसीआयडीवरून बनवायचं आणि एआयएक्सवर डायनॅमिक ट्रॅकिंग (बदललेला एफसीआयडी आपोआप पकडायची सोय) चालू नसेल तर तिथेही त्रास होतो. तुमच्याकडे असं काही जुनं चालू असेल तर हा मुद्दा गंभीरपणे घ्या.

दुसरं, नवीन स्विच डोमेन १ घेऊनच येतो. चालू असलेले दोन स्विच तसेच जोडले तर डोमेन ओव्हरलॅप होऊन लिंक सेगमेंट होते, म्हणजे दोन्ही स्विच एका फॅब्रिकमधे येत नाहीत. १ ते २३९ मधला नंबर आधीच ठरवून घ्या, आणि फॅब्रिक ए, बी एकमेकांना जोडलेले नसले तरी वेगळेच डोमेन द्या, लॉगमधे नुसता एफसीआयडी बघून कुठलं फॅब्रिक ते कळतं. आणि झोनिंग चालू नसताना डिफॉल्टला सगळ्यांना सगळं दिसतं, ते डेफझोन कमांडने पहिल्याच दिवशी नोअ‍ॅक्सेस करा.

पॉवर सप्लाय एकच आहे आणि तोही फिक्स, त्यामुळे एकटा स्विच घेऊन प्रॉडक्शन चालवायचा विचारही करू नका, जोडीच घ्या. बेसला ८ पोर्ट चालू मिळतात, पुढचे लायसन्स टाकून २४ पर्यंत. कोटेशन मागवताना स्टोरेजच्या दोन्ही कंट्रोलरचे पोर्ट आणि टेप लायब्ररी धरून मोजा आणि लायसन्स त्याच ऑर्डरमधे टाकायला सांगा.