कॉल ऑफ कथुलू, आठ महिने वापरून: मालवणात पहिल्यांदाच कीपर झालो त्याचा अनुभव

आठ महिने झाले, चौदा बैठका झाल्या, म्हणून आता लिहायला बसलोय. पहिल्या बैठकीनंतर लिहिलं असतं तर 'पैसे वाया, घेऊ नका' एवढंच लिहिलं असतं.

कॉल ऑफ कथुलू म्हणजे लव्हक्राफ्टच्या भयकथांवर बेतलेला, बसून तोंडी खेळायचा रोल-प्लेइंग गेम, केऑसियम नावाच्या कंपनीचा, माझ्याकडे सातवी आवृत्ती. मूळ गेम १९८१ चा. आमचा सिंधुदुर्ग जिल्हा पण १ मे १९८१ चाच, म्हणजे दोघं एकाच वयाचे आणि दोघांकडेही भुतांचा स्टॉक भरपूर. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बोर्ड नाही, सोंगट्या नाहीत, एक जण कीपर म्हणजे गोष्ट चालवणारा, बाकीचे तपास करणारे, कोणी पत्रकार, कोणी डॉक्टर, कोणी प्रोफेसर. फासे दहा बाजूंचे दोन, एक दशकाचा एक एककाचा, मिळून १ ते १०० मधला आकडा, आणि आपल्या कौशल्याएवढा किंवा त्याच्या खाली आकडा आला की जमलं. काम कठीण असेल तर कौशल्याच्या निम्म्याएवढा किंवा खाली, फारच कठीण तर पाचव्या हिश्शाएवढा किंवा खाली. टक्केवारी सगळ्यांना कळते त्यामुळे शिकवायला दहा मिनिटं पण लागत नाहीत, हा याचा सगळ्यात मोठा फायदा.

आमचा ग्रुप कसा जमला तर जूनमध्ये किल्ल्याच्या बोटी बंद, स्कुबा बंद, त्यामुळे आमचा बोटवाला मित्र रिकामा. त्याच्याबरोबर एक बँकवाला, माझा मावसभाऊ आणि शेजारच्या वहिनी ज्यांचं मेडिकल आहे. खेळायचं आमच्या पडवीत. फासे ऑनलाइन मागवले ते कुरिअरवाल्याने तीन आठवडे कणकवलीत फिरवले, तोपर्यंत मोबाईलवरच्या ॲपवर आकडे काढले, पण त्यात मजा नाही, फासा जमिनीवर घरंगळून पाटाखाली गेला पाहिजे.

पहिली बैठक 'द हाँटिंग' ची. ही तयार गोष्ट क्विक स्टार्ट म्हणजे सुरुवातीच्या छोट्या नियमांसोबत फुकट मिळते, १९२० चं बोस्टन, एका घरमालकाला त्याच्या रिकाम्या घराचा छडा लावून हवाय. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी हे सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. मी मात्र दोन ठिकाणी आपटलो.

एक म्हणजे धागेदोरे. मंडळी पेपरच्या कचेरीत गेली, मी म्हटलं टाका फासा, चौघांचेही फासे फसले, आणि मी गप्प. म्हणजे घराचा इतिहास माझ्या हातात छापलेला, वाचून दाखवायला जीव तळमळतोय, पण फासा नाही म्हणाला ना! पंधरा मिनिटं ते बोस्टनमध्ये नुसते हिंडत होते जसं काही चकवा लागलाय. नंतर नियमांचं पुस्तक नीट वाचलं तर त्यात सरळ लिहिलंय की काही धागे उघड असतात, ते देऊन टाकायचे, फासा फक्त दडलेल्या गोष्टींसाठी. म्हणजे चूक माझी. ट्रेल ऑफ कथुलू म्हणून याच विषयावरचा दुसरा गेम आहे, गमशू नावाच्या नियमपद्धतीवरचा, त्यात तर मुख्य धाग्यासाठी फासाच टाकायचा नसतो. मी तो प्रकार इकडे उचलला. आता माझ्याकडे कागद सापडतोच, फासा ठरवतो की सापडेपर्यंत संध्याकाळ झाली का आणि तुम्ही शोधताय हे आणखी कोणाला कळलं.

आणि 'पुश' नावाचा नियम आहे तो सुरुवातीपासून वापरा, मी तो चौथ्या बैठकीपर्यंत विसरलोच होतो. फासा फसला तरी परत टाकता येतो, पण आता तुम्ही वेगळं काय करताय ते सांगायचं, आणि यावेळी फसलं तर काहीतरी वाईट होणार हे कबूल करून. मारामारीत चालत नाही, वेड लागण्याच्या फाशाला पण चालत नाही. आमचा मावसभाऊ दर वेळी पुश करतो आणि दर वेळी रडतो.

दुसरी आपटी जास्त मोठी. भीतीच वाटेना कोणाला! बोस्टनच्या त्या घरात जिन्यावर आवाज येतोय, मी आवाज खाली आणून, लाईट बंद करून सांगतोय, आणि बोटवाला म्हणतो, "मगे एक नारळ ठेवया नि गाऱ्हाणा घालया, तपास कित्याक होयो?" सगळे फिसकन हसले, संपलं. आणि त्याचं चूक काय होतं? इथे प्रत्येक पाणंदीला कोणीतरी आहे. देवचार आहे, मुंजा आहे, राखणदार आहे, आरवलीच्या वेतोबाला तर लोक चपला वाहतात, एवढ्या मोठ्या, कारण तो रात्री गावभर फिरतो आणि त्या झिजतात. या सगळ्यांना नाव आहे, जागा आहे, मान आहे, मान दिला की ते आपले. या गेममधली भीती नेमकी याच्या उलट आहे, समोर जे आहे त्याला तुमचं काही पडलेलंच नाही, तुमचा नारळ त्याच्या हिशोबातच नाही. हे मला कळायला तीन बैठका लागल्या.

मग मी बोस्टन सोडलं आणि स्वतःचं लिहिलं. १९२६, जून महिना, मालवणजवळचं एक नसलेलं गाव. पावसाळ्यात तेव्हा मुंबईच्या आगबोटी बंद असायच्या त्यामुळे तपास करणारे एकदा आले की अडकले, कीपरला हे आयतंच मिळतं. गावात खोताच्या वाड्यात जमिनीच्या कागदांची पेटी. कागद मोडीत, म्हणून 'मोडी' हे वेगळं कौशल्य कॅरॅक्टर शीटवर, म्हणजे प्रत्येकाच्या पात्राच्या तक्त्यावर, घातलं. आता यात गंमत अशी की जुन्या कागदांवर सही न येणारे लोक निशाणी करायचे, शेतकरी असेल तर नांगर, बाई असेल तर बांगडी. मी सहा कागद बनवले, १८४१ पासून १९२५ पर्यंतचे, आणि प्रत्येकावर साक्षीदारांमध्ये नांगर, बांगडी आणि एक तिसरीच निशाणी, कसली ते कळत नाही अशी, तीच, त्याच हाताची. कोणाला काहीच सांगितलं नाही, नुसते कागद वाटले.

बँकवाल्याचं आयुष्य तारण आणि जामीनदार बघण्यात गेलेलं. त्याने दोन कागद शेजारी धरले, मग तिसरा घेतला आणि एकदम हळू आवाजात म्हणाला, "ही निशाणी मागच्या कागदार पण होती मा रे?" फासा नाही, आवाज नाही, राक्षस नाही, पण पडवीत कोणी बोलेना. वरून पागोळ्या गळत होत्या तेवढाच आवाज.

मग अपेक्षेप्रमाणे बोटवाला म्हणाला कौल लावूया. मी याचीच वाट बघत होतो. गोष्टीतल्या गावच्या देवळात गुरवाने देवाला पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं झालं, आणि ना उजवी पडली ना डावी. रात्र झाली, सकाळ झाली, पाकळ्या वाळल्या तरी जागच्या हलल्या नाहीत. "म्हणजे देवान कायच सांगूक नाय?" हे त्याने कॅरॅक्टर म्हणून विचारलं नाही, स्वतः विचारलं. त्यानंतर नारळाचा विषय परत निघाला नाही.

सॅनिटीच्या, म्हणजे डोकं किती ठिकाणावर आहे त्याच्या आकड्यांच्या, नियमाबद्दल थोडं, कारण गेमचं खरं इंजिन तेच. भयंकर काही बघितलं की फासा, फसला तर सॅनिटीचे आकडे जातात. एका फटक्यात पाच किंवा जास्त गेले की बुद्धीचा फासा टाकायचा, आणि तो जमला तर तुम्ही तात्पुरते वेडे. फसला तर नाही! म्हणजे ज्याला समजलं त्याचंच डोकं फिरतं, ढ माणूस सुटतो. हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सगळ्यांना छपाईची चूक वाटली. माझ्या मते अख्ख्या पुस्तकातला हा सगळ्यात हुशार नियम आहे. फक्त वेड लागलेला माणूस म्हणजे विनोद नव्हे हे ग्रुपला आधी सांगा, आमच्याकडे मावसभावाने सुरुवातीला सिनेमातल्यासारखं केलं तेव्हा वहिनींनी त्याला चांगलंच सुनावलं.

आणि खेळायच्या आधी कोणाला काय नको ते विचारून घ्या, हे टाळू नका. मला वाटलं होतं हे जरा जास्तच होतंय, आपण सगळे ओळखीचे. विचारलं तर वहिनी म्हणाल्या, समुद्रात माणूस बुडणं नको. त्यांच्या माहेरचं काय ते मला माहीत होतं आणि मी विसरलो होतो. आणि माझ्या गोष्टीचा शेवटच तो होता! सगळा बदलला. किनाऱ्यावर बसून हा गेम चालवणार असाल तर हे तरी नक्की विचारा, बोस्टनची गोष्ट लिहिणाऱ्याला ते सुचणार नाही.

आता तक्रारी. पुस्तक जाड आहे, चारशेहून जास्त पानं, सगळं इंग्रजी, आणि हवा तो नियम हव्या त्या वेळी सापडत नाही. पाठलागाचे नियम मी दोनदा वाचले, एकदा वापरले, परत वापरणार नाही, तोंडी सांगून जास्त मजा येते. बंदुकीची मारामारी फार लवकर जीव घेते, रिव्हॉल्व्हरची एक गोळी १० पर्यंत नुकसान करते आणि साध्या माणसाकडे जिवाचे पॉईंट जवळपास तेवढेच असतात, त्यामुळे मारधाड आवडणाऱ्यांनी दुसरं काही घ्यावं. तयारीला माझे प्रत्येक बैठकीमागे चार-पाच तास जातात, बायकोने हे वाक्य आवर्जून लिहायला सांगितलंय. जुने कागद बनवायला लोक चहात बुडवतात म्हणे, आमच्याकडे जुलैत नुसता कागद खिडकीत ठेवा, बुरशी फुकट.

घ्यावा का? आधी फुकटचे नियम उतरवून दोन बैठका करा, त्यात जमलं तरच पैसे घाला. चार माणसं बास, सहा झाली की कोणीतरी मोबाईल काढतो.

पुढची बैठक रविवारी. बोटवाल्याच्या कॅरॅक्टरचं मोडी ५ वरून ३१ झालंय, त्याला आता पेटीतला तळाचा कागद वाचता येईल. वहिनी, तुम्ही हे वाचत असाल तर इथेच थांबा. तो कागद तुमच्या कॅरॅक्टरच्या आजीचं बक्षीसपत्र आहे, आणि त्यावर साक्षीदार एकच आहे.