नाव खरे, क्रमांक खरा, संकेतस्थळ खोटे

१४ जून ते १९ डिसेंबर २०२४ या काळात मी एका बनावट संशोधनपत्रिकेला चार वेळा मिळून १७,६६० रुपये दिले. पुण्यातील एका अनुदानित महाविद्यालयात मी सत्तावीस वर्षे अर्थशास्त्र शिकवते, आणि ज्या शोधनिबंधापायी हे पैसे गेले त्याचा विषय होता भाजीविक्रेत्या महिलांचे डिजिटल व्यवहार. ज्यांना हसायचे असेल त्यांनी इथेच हसून घ्यावे. आमच्या स्टाफरूममध्ये ते केव्हाच उरकले आहे.

पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके कशी चालतात, हे शिक्षकांना नव्याने सांगायला नको. २ मे २०१८ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्याच यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली होती. त्याच वर्षी पुण्यातील अभ्यासकांनी ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले होते की, विद्यापीठांनी सुचवलेल्या ज्या १,००९ नियतकालिकांची त्यांनी छाननी केली, त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकषांत बसत नव्हती. त्या लेखाची छायाप्रत स्टाफरूमच्या फलकावर मीच टाचली होती. तेव्हा ‘मॅडमना एवढेही कळले नाही का’ या प्रश्नाचे उत्तर असे की, एवढे मॅडमना कळत होते. मॅडम फसल्या त्या याच्या पुढच्या प्रकाराला.

त्या प्रकाराला क्लोन म्हणतात. एखादे जुने, प्रतिष्ठित, केवळ छापील निघणारे त्रैमासिक हेरायचे, त्याचे नाव आणि त्याचा आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाच्या ओळखीचा क्रमांक, जसाच्या तसा उचलायचा, त्या नावाने संकेतस्थळ उभारायचे आणि निबंध मागवायला सुरुवात करायची. मूळ संपादकांना याचा पत्ताही नसतो. पुण्यातल्या जुन्या दुकानांवर ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी का असते, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी नीट समजले.

सहयोगी प्राध्यापकाला प्राध्यापक व्हायचे तर २०१८ च्या नियमावलीप्रमाणे किमान दहा शोधनिबंध लागतात, त्यांतील तीन मूल्यमापनाच्या कालावधीतले, शिवाय ११० संशोधन गुणांक. माझे नऊ निबंध झाले होते आणि ते सगळे मी रीतसर, एक पैसाही न देता प्रसिद्ध केले होते, हे इथे नोंदवू द्यावे. दहावा एका चांगल्या नियतकालिकाकडे चौदा महिने पडून होता. दुसरीकडे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालासाठी प्रत्येक शिक्षकामागे केअर यादीतील, म्हणजे आयोगाने (यूजीसीने) ग्राह्य धरलेल्या नियतकालिकांतील, निबंध किती, हा आकडा हवा म्हणून गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक दर महिन्याला तक्ता घेऊन दारात उभे राहत होते.

अशा वेळी संशोधकांच्या एका व्हॉट्सॲप गटावर संदेश आला: यूजीसी केअर, गट एक, जून अंक, मोजक्याच जागा शिल्लक. मी त्या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या गृहस्थांना मी पुढे सहा महिने ‘सर’ म्हणत होते, म्हणून इथेही तसेच म्हणते. त्यांचे मराठी स्वच्छ होते, घाई नव्हती, आणि दुसऱ्याच फोनला ते म्हणाले, “मॅडम, मंडईतल्या विक्रेत्यांचा तुमचा तो तक्ता फार सुंदर झाला आहे.” सत्तावीस वर्षांत माझ्या तक्त्याला कोणी सुंदर म्हटलेले नव्हते. लबाडाने निबंध उघडून तेवढे एक पान पाहिले असणार. बाकी काहीच वाचले नव्हते, हे नंतर कळले.

मी पडताळणी केली नाही, असे कोणी म्हणू नये. केअर यादीच्या संकेतस्थळावर मी स्वतः प्रवेश केला, नियतकालिकाचे नाव शोधले, ते सापडले. आयएसएसएनचे आठही आकडे जुळवले, ते जुळले. समाधानाने ती खिडकी बंद केली. त्याच संकेतस्थळावर क्लोन नियतकालिकांची वेगळी यादी होती, मूळ कोणते आणि नक्कल कोणती हे शेजारी शेजारी मांडलेले होते, आणि त्या शीर्षकावर मी एकदाही टिचकी मारली नाही. यादीत नाव सापडणे म्हणजे तुमच्या हातातली लिंक खरी असणे नव्हे. संदेशातून आलेल्या लिंकवरून नियतकालिक उघडूच नका. छापील अंक हातात घ्या आणि त्यावरचा पत्ता पाहा.

१२ जूनला रात्री पावणेदहा वाजता निबंध पाठवला. १३ जूनला रात्री पावणेबारा वाजता स्वीकृतिपत्र आले. सव्वीस तास. दोन समीक्षकांचा म्हणून जो अभिप्राय जोडला होता, तो इंग्रजीत अडीच ओळींचा होता, आणि त्यात माझ्या निबंधाचा उल्लेख ‘प्रस्तुत प्रयोग’ असा केला होता. मी कसलाही प्रयोग केलेला नव्हता. मी एकशे चाळीस बायकांशी बोलले होते. त्याच रात्री मी संकेतस्थळावरचा आधीचा अंकही चाळला. सामाजिक शास्त्रांच्या म्हणवणाऱ्या त्या अंकात मिरचीवरील बोकड्या रोग, काँक्रीटमधील फ्लाय ॲश आणि महाभारतातील स्त्रीपात्रे एकाखाली एक होती, आणि अनुक्रमणिका संपता संपत नव्हती: २१४ निबंध. मूळ त्रैमासिकाच्या अंकात दहा-बारा असतात. मला ते खटकले. खटकले, आणि मी मनाशी म्हटले की विशेषांक असेल. माणूस फसतो तेव्हा पुरावा समोर नसतो असे नाही. तो स्वतःच त्या पुराव्याचा वकील होतो.

पण खरा क्षण त्यानंतरचा आहे, आणि तो माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. शुक्रवारी सकाळी मी औंधहून रिक्षाने महाविद्यालयाकडे निघाले होते. विद्यापीठ चौकात, पुलाच्या आणि मेट्रोच्या कामामुळे, नेहमीप्रमाणे सगळे तुंबलेले. सरांचा फोन आला की अकरापूर्वी ४,५०० रुपये आले नाहीत तर जागा दुसऱ्याला जाईल. मी त्यांनी दिलेला यूपीआय पत्ता घातला, आणि पडद्यावर पैसे घेणाऱ्याचे नाव उमटले. ते नाव कोणत्याही संस्थेचे, न्यासाचे किंवा संपादकाचे नव्हते. ते एका टाइल्स आणि सॅनिटरीवेअरच्या दुकानाचे होते. मी ते वाचले, दोनदा वाचले. तेवढ्यात रिक्षावाले मागे वळून म्हणाले, “ताई, सेनापती बापट रस्त्याने घेऊ का?” मी “घ्या” म्हटले आणि पिन टाकला. मी जिथे थांबले होते तिथून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे प्रवेशद्वार दिसत होते, आणि देशभरासाठी केअर यादीचे काम पाहणारा कक्ष त्याच आवारात होता.

मंडईतल्या ज्या बाईंची मी सर्वांत मोठी मुलाखत घेतली, त्या पेटीतून रक्कम बोलल्याशिवाय कोथिंबिरीची जुडी सोडत नाहीत, आणि आवाज आला तरी मोबाइलवर नाव पाहतात. हे निरीक्षण माझ्या निबंधाच्या चौथ्या पानावर आहे.

पुढचे पटकन सांगते. १७ जूनला डीओआय, म्हणजे निबंधाचा ऑनलाइन ओळख क्रमांक, आणि ई-प्रमाणपत्र यांसाठी १,८०० रुपये. २५ जूनला छापील प्रतीसाठी २,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,३६०. पावतीवर जीएसटी क्रमांक होता, म्हणून मी निर्धास्त झाले. जीएसटीच्या पोर्टलवर कोणालाही, नोंदणीशिवाय, क्रमांक घालून नाव पाहता येते. मी ते जानेवारीत पाहिले, तेव्हा असा क्रमांकच अस्तित्वात नसल्याचे कळले. डीओआय क्रमांक डीओआयच्या मूळ संकेतस्थळावर घालून पाहायला दहा सेकंद लागतात. माझा क्रमांक तिथे सापडत नाही. छापील प्रत आजतागायत आलेली नाही.

याहून लाजिरवाणे असे की, जुलैमध्ये मी आमच्या विभागातल्या एका तरुण सहकाऱ्याला सरांचा हाच फोन क्रमांक दिला. ते तासिका तत्त्वावर शिकवतात आणि त्यांचे मानधन कित्येक महिने मिळत नाही. त्यांनी ४,५०० रुपये भरले, ते माझ्या शब्दावर. ते मी त्यांना परत दिले आहेत, म्हणजे माझा एकूण खर्च २२,१६० झाला. त्यांनी पैसे घेताना “राहू द्या हो मॅडम” म्हटले, ते मला चारही व्यवहारांपेक्षा जास्त लागले.

डिसेंबरमध्ये छाननी समितीने माझा पदोन्नतीचा प्रस्ताव शेरा मारून परत केला: दिलेली लिंक मूळ नियतकालिकाची नाही. त्या क्षणी थांबायला हवे होते, हे मला मान्य आहे. पण दुरुस्तीची मुदत आठ दिवसांची होती, आणि सर अत्यंत शांतपणे म्हणाले की अनुक्रमणाची (इंडेक्सिंगची) तांत्रिक अडचण आहे, निबंध गट दोनमध्ये, स्कोपस या आंतरराष्ट्रीय सूचीतल्या नियतकालिकात वळवता येईल. १८,००० रुपये, निम्मे आधी. १९ डिसेंबरला मी ९,००० रुपये पाठवले. आधीचे बुडू नयेत म्हणून नवे पैसे कधीही घालू नका, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला मीच शिकवते. २३ तारखेला त्यांनी माझा क्रमांक ब्लॉक केला आणि गटावरचे सगळे संदेश पुसून टाकले. संभाषणाचे स्क्रीनशॉट आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक त्याच दिवशी जपून ठेवा. माझ्याकडे निम्मेच आहेत.

आता ज्यांच्याकडे दाद मागितली त्यांच्याविषयी. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे आणि तो पहिल्या काही तासांतच उपयोगाचा असतो, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवायचे असतात. माझ्या चारांपैकी तीन व्यवहारांना सहा महिने झाले होते. म्हणून मी बँकेत गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक पुढे केले: ग्राहकाच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांची भरपाई मिळते, तुम्ही तर स्वतः पिन टाकला. हे कायद्याने बरोबर असेल. पण समोरच्याचे खाते कोणाच्या नावावर आहे, टाइल्सच्या दुकानाच्या खात्यात गावोगावच्या प्राध्यापकांचे साडेचार-साडेचार हजार का जमा होतात, हे विचारल्यावर “ती माहिती गोपनीय आहे” असे उत्तर मिळाले. गोपनीयता चोराची, आणि पासबुक माझे.

पोलीस ठाण्यात मी २७ डिसेंबरला गेले. पाऊण तासाने एका अधिकाऱ्यांनी कागद पाहिले आणि विचारले, “मॅडम, तुमचा लेख छापून आला ना?” मी म्हटले, संकेतस्थळावर आला आहे. “मग फसवणूक कसली?” क्लोन म्हणजे काय हे मी त्यांना वर्गात सांगावे तसे सांगितले. मग नवी अडचण निघाली. पहिले तीन व्यवहार १ जुलै २०२४ पूर्वीचे, म्हणून भारतीय दंडसंहितेचे कलम ४२०. चौथा त्यानंतरचा, म्हणून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८. एका तक्रारीत दोन कायदे कसे बसवायचे, यावर दोघांची माझ्यासमोर चर्चा झाली आणि चहा आला. त्यानंतर हद्दीचा प्रश्न निघाला, कारण खात्याची शाखा परराज्यातली. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापून नेले होते. तो कागद त्यांनी वाचला, घडी घातली आणि परत दिला. अखेर गुन्हा न नोंदवता ‘तक्रार अर्ज’ घेतला. पोच मागितली तर शिक्का मारणारे जेवायला गेले होते. त्यानंतर मी चार खेपा घातल्या. तपास अधिकारी दोनदा बदलले, आणि प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला मी आयएसएसएन म्हणजे काय इथपासून सुरुवात केली.

महाविद्यालयाचे तर बोलायलाच नको. आकड्यांसाठी दारात उभे राहणाऱ्या समन्वयकांनी मला लेखी विचारले की, संस्थेची प्रतिमा मलिन होईल असे नियतकालिक मी का निवडले. तो निबंध मात्र त्यांनी वार्षिक अहवालातील संख्येत आधीच धरलेला होता आणि तो अजून तिथे आहे.

जानेवारीत मी गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात जाऊन मूळ त्रैमासिकाचा छापील अंक काढून पाहिला. पातळ, पांढऱ्या वेष्टनाचा अंक. आतल्या पहिल्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत चौकट होती: आमचे कोणतेही संकेतस्थळ नाही, आम्ही लेखकांकडून शुल्क घेत नाही. संगणक विभागातल्या सहकाऱ्यांनी बनावट संकेतस्थळाची नोंदणी तपासली, तर ती अवघी फेब्रुवारी २०२४ ची निघाली, आणि मुखपृष्ठावर मात्र पन्नास वर्षांची परंपरा लिहिलेली. संकेतस्थळाची जन्मतारीख कोणालाही फुकट पाहता येते. ती आधी पाहा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने केअर यादीच बंद केली आणि नियतकालिक निवडण्यासाठी फक्त मार्गदर्शक निकष दिले. पारखण्याची जबाबदारी आता शिक्षकांवर आणि संस्थांवर आहे. त्याच आठवड्यात गटांवरच्या जाहिरातींतून ‘केअर’ हा शब्द गेला आणि त्या जागी ‘आयोगाच्या नव्या निकषांनुसार’ असे शब्द आले. दर तेच आहेत.

माझा निबंध मी मूळ त्रैमासिकाकडे पाठवू शकत नाही, कारण साहित्यचौर्य तपासणाऱ्या प्रणालीत तो त्या बनावट पानाशी जुळतो; तेव्हा तो तिथून उतरवावा असे पत्र मी संकेतस्थळावरच्या ईमेलवर पाठवले. तीन महिन्यांत त्यांच्याकडून आलेले एकमेव उत्तर दुसऱ्याच दिवशी आले: निबंध मागे घेण्याचे शुल्क ३,००० रुपये, आणि खाली तोच यूपीआय पत्ता. ते मी अजून भरलेले नाहीत.