कॅन्सर नाही, तरी पॅलिएटिव्ह केअर: नऊ महिन्यांनंतर

आधी माझी यादी सांगते. वय ६४. मधुमेह २३ वर्षांपासून, त्यापायी किडन्या चौथ्या टप्प्यात. हृदयाचं पंपिंग ३० टक्के. गुडघे झिजलेले. शिवाय तळपायांची आग. ती कुठल्या रिपोर्टात दिसत नाही, पण रात्री पांघरुणाचं टोकसुद्धा पायाला सहन होत नाही. डॉक्टर चार, फायली चार, गोळ्या दिवसाला सतरा. हृदयवाले लघवीची गोळी वाढवायचे आणि पुढच्या आठवड्यात रक्तातलं क्रिएटिनिन (किडन्या थकल्या की वाढणारा आकडा) बघून किडनीवाले कपाळाला हात लावायचे. हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी पाचच दिवस घेतली, तर २.८ चं क्रिएटिनिन ३.६ झालं. चौघंही आपापल्या जागी बरोबरच होते म्हणा. पण मधल्या मधे मी.

फेब्रुवारीत सुनेने पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारात दुखणं-त्रास कमी करणाऱ्या सेवेचं, नाव काढलं, तर आमचे हे दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. "म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले म्हणायचं का?" त्यांनाही काय बोलणार. आपल्याकडे ही सेवा कॅन्सरचा हात धरूनच आली. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ चं, पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७ चं, दोन्ही सुरू झाली ती कॅन्सरच्या रुग्णांसाठी. केरळात मात्र कोझिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेलं काम गल्लीबोळांत पोचलं, २००८ मध्ये तिथल्या सरकारने त्याचं धोरणही केलं. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे वाचून मी स्वतः चकित झाले होते: या सेवेची गरज असलेल्या मोठ्या माणसांत हृदयरोगी ३८.५ टक्के, कॅन्सरचे ३४. म्हणजे रांगेत आम्हीच पुढे, आणि दार मात्र मागच्यांसाठी उघडं.

तर ते दार. पहिल्या ठिकाणी फोनवरच विचारलं, कॅन्सर आहे का? नाही? मग आमच्याकडे घेत नाही. दुसरीकडे म्हणाले, "किती महिने उरलेत ते डॉक्टरांकडून लिहून आणा." माझ्या किडनीच्या डॉक्टरांनी असं काही लिहायला साफ नकार दिला, आणि मला त्यांचा त्या दिवशी अभिमान वाटला. तिसरी एका ट्रस्टची घरी येणारी टीम. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवले, आठ दिवसांनी डॉक्टर आणि सिस्टर दारात.

दीड तास बसले. फायलींना आधी हातच लावला नाही. "काकू, दिवसातली सगळ्यात वाईट वेळ कोणती?" तेवीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, रात्री अडीच ते चार. मग काय होतं तेव्हा, म्हणाल्या. तळपाय पेटतात, झोपलं की दम लागतो, आणि कधीकधी घाम फुटून थरथर सुटते. त्या थरथरीवर डॉक्टर थबकल्या. साखर तपासायला लावली, पहाटे ५२ निघाली, म्हणजे फारच कमी. किडन्या थकल्या की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, हे मला त्यांच्याकडून कळलं. मी आपली साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीएवनसी) सातच्या खाली आल्याबद्दल पेढे वाटायच्या बेतात होते. मधुमेहाच्या डॉक्टरांशी त्यांनी फोनवर बोलून इन्सुलिन कमी केलं, आता आठच्या आसपास चालतं. मग गोळ्यांचा स्टीलचा डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. एकेक गोळी उचलून, "ही कशासाठी, माहितेय?" सहा गोळ्यांचं उत्तर मलाही येईना, ह्यांनाही येईना. त्यांनी परस्पर काही बंद केलं नाही. चौघांना फोन करून, तीन आठवड्यांत, सतराच्या अकरा झाल्या.

दुखण्यावर ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच मिळाला, म्हणजे मॉर्फिनच्या जातीच्या औषधाची कातडीवर चिकटवायची पट्टी. किडनी अशी असताना मॉर्फिन अंगात साचतं, म्हणून हा. खांद्याजवळ चिकटवायचा, सात दिवसांनी बदलायचा, दर वेळी जागा वेगळी. आमचा वार गुरुवार. पहिले चार दिवस मळमळ आणि गुंगी, सोडून द्यावंसं वाटलं होतं. बद्धकोष्ठतेचं औषध पहिल्या दिवसापासून घ्या म्हणाले होते. मी शहाणपणा करून घेतलं नाही, त्याची फळं काय सांगू. आणि जूनमधला पराक्रम: खांदा आखडला म्हणून पॅचवरच गरम पाण्याची पिशवी ठेवली. उष्णतेने औषध भराभर आत जातं, हे सिस्टरनी सांगितलेलं पार विसरले. तासाभरात डोळे उघडेनात. ह्यांनी फोन केला, पॅच काढायला लावला, आणि दवाखान्यात रात्रभर नजरेखाली ठेवलं. चूक सर्वस्वी माझी.

दम लागतो त्यावर त्यांनी सांगितलेला उपाय अडीचशे रुपयांचा: हातात धरायचा बॅटरीचा छोटा पंखा, वारा नाकागालांवर घ्यायचा. मी हसले होते, एसटीत पोरांच्या हातात असतो तसला. पण रात्री तीनला उशीशी टेकून तो तोंडासमोर धरला की छातीतली घाबरगुंडी खरंच उतरते. पाच मिनिटं लागतात.

आता तक्रारी. रात्री दहानंतर फोन लागत नाही. पिशवीवाला प्रकार संध्याकाळी झाला हे नशीब. भेट पंधरा दिवसांतून एकदा, मधे पाऊस असला की तीन आठवडे. भेटीचे पैसे नाहीत, पॅच मात्र खिशातून, आणि माझी पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्याशिवाय दमडी देत नाही. पहिल्या समुपदेशक बाई मला सारखं स्वीकाराबद्दल सांगत. मी बदलून मागितल्या, बदलून मिळाल्या. नव्या बाई माझ्याशी कमी बोलल्या आणि ह्यांना विचारलं, "काका, तुम्ही किती तास झोपता?" हे उठून स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेलीच भांडी परत धुवायला लागले.

शेवटच्या आजारात कुठले उपचार हवेत, कुठले नकोत, ही आपली इच्छा आधी लिहून ठेवायचा कागद, लिव्हिंग विल, मी ऑगस्टमध्ये केला. पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतो. नोटरीने विचारलं, घर कुणाच्या नावे करताय?

गणपतीत उकडीच्या एकवीस मोदकांपैकी पाच खुर्चीत बसून मी केले. कळ्या वाकड्या आल्या. सून म्हणाली, बाप्पा ओळखतील हे तुमचे आहेत. मी आता भांडण करावं तरी कुणाशी!

डायलिसिसचं अजून ठरलेलं नाही. किडनीवाले म्हणतात, फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडायचं छोटं ऑपरेशन) आत्ताच करून ठेवा, तो तयार व्हायला महिने जातात. पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांनी डायलिसिस केलं तर आठवडा कसा जाईल आणि नुसत्या औषधांवर राहिले तर कसा, हे कागदावर शेजारी शेजारी लिहून दिलंय. तो कागद फ्रिजवर लावलाय. हे तो वाचत नाहीत, दूध काढताना नजर चुकवतात. मी सध्या एवढंच पाळते, फिस्टुलासाठी राखलेल्या डाव्या हातातून कुणाला रक्त काढू देत नाही.