हँडल डावीकडे, तरी चेन दिसत होती

शुक्रवारी संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी पहिले २,१०० रुपये गेले आणि रात्री सव्वादहाला शेवटचे ६,९९९. मधल्या अडीच तासांत आणखी तीन वेळा. एकूण ३८,६४९ रुपये. ज्या सायकलपायी हे गेले तिची ठरलेली किंमत होती ३८,५००. म्हणजे पूर्ण किमतीच्या वर १४९ रुपये मोजून सायकल मिळाली नाही, कारण ती कधी नव्हतीच.

"लष्करातला जवान, बदली झाली, सायकल स्वस्तात काढायची आहे" एवढं म्हटलं की पुढची गोष्ट तुमच्यातले बरेच जण स्वतःच सांगतील. मलाही ती पाठ होती. ऑफिसात एकाला सोफा विकताना क्यूआर कोड पाठवून लुबाडलं, तेव्हा "पैसे घ्यायला पिन लागत नाही" हे मीच त्याला समजावलं होतं. म्हणून "तुला एवढंही कळलं नाही?" असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. कळत होतं. पण मी इथे विकणारा नव्हतो, घेणारा होतो, आणि घाई मला होती.

घाई का होती तेही सांगतो. जानेवारीत आम्ही चौघं रेवस ते रेडी किनाऱ्याने जाणार होतो. दहा दिवस, तंबू बरोबर, दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगडच्या खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या. माझी सायकल रेसिंगची, बारीक टायरची. तिला कॅरिअर लावायला भोकंच नाहीत. सामान लादून कोकणातले चढ-उतार करायचे तर स्टीलच्या फ्रेमची, रुंद टायरची, पुढे-मागे कॅरिअर बसेल अशी टूरिंगची सायकल हवी. अशी नवी घ्यायला गेलं की बजेट कोलमडतं आणि जुनी फारशी विकायला येत नाही. आली तर एका दिवसात जाते. दोन वेळा माझ्या हातून अशी गेली होती. तिसरी दिसली, माझ्या मापाची, ४२,००० ला.

विकणाऱ्याने आपण अहिल्यानगरला रणगाड्यांच्या केंद्रात असल्याचं सांगितलं. बोलला शुद्ध सातारी मराठीत. प्रत्येक फोनची सुरुवात "जय हिंद सर". मी सातारा जिल्ह्यातला. आमच्याकडे अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, घरटी माणूस फौजेत. माझे सख्खे काका मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. वर्दीवर शंका घ्यायची नाही हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं आहे. या लोकांनी नेमकं तेच वापरलं. त्याने ओळखपत्राचा फोटो पाठवला, कॅन्टीन कार्डाचा पाठवला, गणवेशातला पाठवला. नंतर काकांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अरे, कुठला जवान आपलं कार्ड अनोळखी माणसाला पाठवतो?" हा फोन मी शुक्रवारी दुपारी करायला हवा होता. केला रविवारी.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडवली आहे ती सांगतो.

त्याने सहा फोटो पाठवले. तिसऱ्या फोटोत फ्रेमवर बबलचं प्लास्टिक गुंडाळलेलं, "पॅकिंग सुरू केलंय सर". त्या फोटोत हँडल डावीकडे होतं आणि चेन माझ्या समोर.

सायकल चालवणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. चेन, पेडलची दातेरी चाकं, गिअर बदलणारा डिरेलर, हे सगळं सायकलच्या उजव्या बाजूला असतं. चेन समोर दिसत असेल तर आपण उजव्या बाजूला उभे आहोत, आणि मग हँडल आपल्या उजव्या हाताला यायलाच हवं. हँडल डावीकडे आणि चेनही समोर, असं होऊ शकत नाही. तो फोटो उलटा केलेला होता, आरशात दिसतो तसा. कुणाच्या तरी जुन्या जाहिरातीतला उचलला असणार आणि इंटरनेटवर शोधून मूळ सापडू नये म्हणून फिरवला असणार. त्या उलट्या फोटोत नेमकं फ्रेमवरचं नाव प्लास्टिकखाली होतं.

मी तो फोटो मोठा करून बघितला होता. एकदा नाही, चार-पाच वेळा. मागच्या गिअरच्या चकत्या मोजल्या, दहा भरल्या. ब्रेक केबलचे की ऑइलचे तेही ओळखलं. आणि ती बाजू कुठली हे बघितलं नाही. मी एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. डावा ब्रॅकेट आणि उजवा ब्रॅकेट एका पेटीत मिसळले तर ते पकडणं हे माझं रोजचं काम. आरशातल्यासारखे दोन भाग माझ्या हातून रोज शेकड्याने जातात. एकवीस वर्षं जातात.

काहीतरी खटकलं होतं हे खरं. सीट तिरकी असेल असं वाटलं. तेवढ्यात त्याचा फोन आला, "सर, अजून दोन गिऱ्हाईकं लाइनवर आहेत, तुम्ही आपले म्हणून आधी विचारतो." आणि मी फोटो बंद केला.

पैसे कसे गेले ते रकमेसकट लिहितो, म्हणजे कुणाला यातला एखादा आकडा किंवा शब्द ऐकू आला तर ओळखता येईल. सायकल हातात आल्यावर, चालवून बघितल्यावर पैसे द्यायचे, असं त्यानेच सांगितलं होतं. माझा विश्वास बसला तो या वाक्यावर. मग "टोकन" २,१००, का तर सायकल दुसऱ्याला देणार नाही म्हणून. नंतर "लष्कराच्या पार्सल गाडीचा गेट पास" ४,६५०, हे किमतीतून वजा होणार. कॅन्टोन्मेंटमध्ये बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत, त्यामुळे मी स्वतः न्यायला येण्याचा प्रश्नच नाही, हे त्याने मी विचारायच्या आत सांगून टाकलं. मग "परत मिळणारी सुरक्षा ठेव" १२,४५०. ती भरल्यावर म्हणाला की पावती निघाली नाही, सिस्टिममध्ये अडकली, तेवढीच रक्कम पुन्हा टाका म्हणजे दोन्ही एकत्र परत येतील. मी पुन्हा १२,४५० टाकले. शेवटी "उशीर शुल्क" ६,९९९, नाहीतर आधीचं सगळं जप्त.

या पाचातल्या एकाही वेळी स्क्रीनवर त्याचं नाव आलं नाही. कुठल्याशा "ट्रेडर्स"चं आलं. विचारलं तर "युनिटचे ठेकेदार आहेत सर". स्क्रीनवर दुसऱ्याचं नाव दिसलं की तिथेच थांबा, उत्तर कितीही पटणारं असू दे.

दुसऱ्या १२,४५० च्या वेळी बायको शेजारी उभी होती. ती म्हणाली, "परत देणार आहेत तर घेतायत कशाला?" मी तिच्यावर खेकसलो. त्यानंतर आजपर्यंत तिने या विषयावर एक शब्द काढलेला नाही, आणि ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागतं.

पैसे गेल्याचं मला शुक्रवारी रात्रीच कळायला हवं होतं. पण शनिवारी सकाळी त्याने गाडी सुटल्याचा फोटो पाठवला आणि मी दिवसभर वाट बघत बसलो. खरं लिहायचं तर शनिवारी संध्याकाळी मला कळून चुकलं होतं. तक्रार केली की चारचौघांत होईल या भीतीने मी रविवार दुपारपर्यंत गप्प बसलो. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला तेव्हा चाळीस तास उलटले होते. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं, तक्रार क्रमांक दिला. दोन दिवसांनी समजलं की पैसे त्याच रात्री पुढच्या खात्यांत फिरवले गेले आणि गोठवता आले ते फक्त १,३७२ रुपये. तेही माझ्या हातात यायला न्यायालयाचा आदेश लागेल, असं तेव्हा सांगण्यात आलं. पैसे गेल्यावर पहिला फोन १९३० ला. बायकोला नंतर, मित्राला नंतर, रडायचं असेल तर तेही नंतर. पहिल्या तासा-दोन तासांत पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते, ती मी लाजेपायी घालवली.

यानंतर जे झालं त्याचा मनस्ताप पैशांइतकाच आहे.

आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात सोमवारी गेलो. बाकावर तीन तास. साहेब बंदोबस्तावर. शेवटी एका हवालदाराने ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "सायकल? चाळीस हजाराची? एवढ्यात जुनी मोटरसायकल आली असती की." बाजूचे दोघं हसले. मी फसवणुकीची तक्रार द्यायला गेलो होतो, माझ्या आवडीनिवडीचा खुलासा द्यायला नाही. मग म्हणाले, खातं दुसऱ्या राज्यातलं, हद्द आमची नाही. मी घरून वाचून गेलो होतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते, आणि हा न्याय संहितेच्या कलम ३१८(४) चा गुन्हा आहे, म्हणजे जुनं ४२०. हे मी सांगितलं तर चेहरा बदलला. "मग तुम्हीच लिहा गुन्हा." शेवटी घेतला तो साधा अर्ज. अर्जाची पोचही मागून घ्यावी लागली. ती मागाच. अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे, हा फरक मला बँकेत गेल्यावर कळला.

बँकेने सांगितलं की एफआयआरची प्रत आणा. पोलिसांनी सांगितलं की बँकेच्या शिक्क्याचा खातेउतारा आणा. शिक्का मूळ शाखेतच मिळेल, मूळ शाखा गावाकडे. अर्ध्या पगाराची रजा टाकून गेलो, शिक्का आणला. मग सगळे स्क्रीनशॉट छापून मागितले, ३४ पानं झाली. ती घेऊन गेलो तर आधीचा हवालदार बदलून गेलेला आणि नव्याला काहीच माहीत नाही. पुन्हा पहिल्यापासून जय हिंद, टोकन, गेट पास. प्रत्येक वेळी नव्या माणसापुढे आपण कसे फसलो ते पहिल्यापासून सांगायचं, यात किती कस लागतो हे त्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांना एकदा तरी कळावं.

बँकेचं अंतिम उत्तर दोन ओळींचं. व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केले आहेत, बँकेची जबाबदारी नाही. तीन दिवसांत कळवलं की पैसे परत मिळतात असं लोक सांगतात. ते रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक, पण ते आपल्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. स्वतः पिन टाकला की ती ढाल राहत नाही. हे ठीक आहे, चूक माझी. पण ज्या खात्यात एका संध्याकाळी माझ्यासारख्यांचे पैसे येतात आणि तासाभरात रिकामं होतं, ते खातं उघडून देणाऱ्याला कुणी काही विचारतं का? मी हे लेखी विचारलं आहे. महिना होऊन गेला, उत्तर नाही. आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार आहे.

ज्या अॅपवर जाहिरात होती त्यांचं उत्तर अर्ध्या मिनिटात आलं. आम्ही फक्त विकणारा आणि घेणारा यांना जोडतो.

सगळ्यात जास्त राग मला आला तो मात्र दुसऱ्याच गोष्टीचा. रविवारच्या राईडला चहाच्या टपरीवर मी हे सगळ्यांना सांगितलं. कुणी हसलं नाही. थोडा वेळ गेला आणि आमच्यातल्या एक ताई हळूच म्हणाल्या, "रिफंडेबल म्हणाला ना?" आठ महिन्यांपूर्वी लॅब्रॅडॉरच्या पिल्लापायी त्यांचे २६,८०० गेले होते. आधी वाहतूक, मग विमानाचा पिंजरा, मग विमा, सगळं "रिफंडेबल". पिल्लू ४५ दिवसांचं आणि लसीच्या पुस्तकात रेबीजची नोंद. रेबीजची पहिली लस तीन महिन्यांच्या सुमारास देतात. घरात तिसरा कुत्रा असलेल्या बाईला हे माहीत होतं, फोटोतलं पिल्लू बघून नजर पुस्तकावर थांबलीच नाही. मग एकजण म्हणाला की पवनेच्या काठावर सहा जणांच्या तंबूंसाठी ९,००० आगाऊ भरले होते, पोचल्यावर त्या नावाचं तिथे काही नव्हतं. घरी त्याने पाऊस झाला असं सांगितलं होतं. दर रविवारी आम्ही टायरमधल्या हवेच्या दाबावर तासभर बोलतो, स्लीपिंग बॅग कुठली घ्यावी यावर भांडतो, कुत्र्याच्या गोचिडांवर दहा उपाय सांगतो. हे आठ महिने कुणी बोललं नाही. ताईंनी सांगितलं असतं तर "परत मिळणारी ठेव" ऐकल्यावर मी फोन ठेवला असता. त्यांना दोष देत नाही, मीही चाळीस तास तेच केलं. म्हणून हे लिहितो आहे.

जुनी सायकल बघायला जाता येत नसेल तर व्हिडिओ कॉल लावायला सांगा. पेडलच्या धुऱ्याखाली फ्रेमवर बहुधा कोरलेला नंबर असतो, सायकल उलटी करून तो दाखवायला सांगा आणि तुम्ही म्हणाल तो गिअर टाकायला लावा. ज्याच्याकडे सायकल आहे त्याला दोन मिनिटं लागतात. त्या गावात ओळखीचा सायकलवाला कुणी ना कुणी निघतोच. माझा एक ब्रेव्हेचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या राईडचा, सोबती अहिल्यानगरचाच आहे, ३०० किलोमीटर आम्ही एकत्र केलेत, एक फोन केला असता तर तो अर्ध्या तासात जाऊन आला असता. कुत्र्याचं पिल्लू आईसकट प्रत्यक्ष बघितल्याशिवाय रुपया देऊ नका. ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते, २०१७ चा नियम आहे, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. ४५ दिवसांचं म्हणाला की तिथेच संपलं. तंबूवाल्याकडून आदल्या दिवशीच्या पाहुण्याचा नंबर मागा.

रेवस-रेडीला बाकीचे तिघं जाऊन आले. मी गेलो नाही.

परवा त्याच अॅपवर तीच सायकल पुन्हा दिसली. विकणाऱ्याचं नाव वेगळं, गाव आता देवळाली, किंमत ३६,०००. तिसरा फोटो तोच, बबलचं प्लास्टिक, हँडल डावीकडे, चेन समोर. मी जाहिरातीची तक्रार तीन वेळा केली, ती अजून तिथेच आहे. छापून घेतली आहे. सोमवारी पस्तीसावं पान म्हणून ठाण्यात घेऊन जातो आहे.